अठरा भाकरी आणि चार कोरे चौकोन

आमच्या घरात सकाळी अठरा भाकरी लागतात. माझ्या यजमानांना, म्हणजे मास्तरांना, चार, मला तीन, सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दोन, चार लेकरांना मिळून आठ आणि एक गाईची. दुष्काळात गल्लीत गाय दिसेनाशी झाली तरी ती एक कमी झाली नाही. दारी येणाऱ्याला ती जायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या दुखण्याचं माप मी याच अठरा भाकरींनी घेतलं आहे. माप ठाऊक नसलं तर आकडे कळायचे नाहीत.

मी सातवी पास, वय अडतीस. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात मापाडी होते. धान्य मोजताना ते पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत; मग दोन, तीन. मोजायची खोड मला त्यांच्याकडून आली. पायऱ्या, पावलं, पाण्याच्या रांगेतल्या घागरी, काहीही मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मूल राहू नये म्हणून मी लूप बसवला, तो दुखला, घसरला आणि परत बसवला. आमच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या बायका दारात उभ्या राहून, पदर तोंडाला लावून विचारतात, “लई दुखतं का वो?” प्रत्येकीला वेगळं सांगताना काहीतरी सुटतं. म्हणून एकदा लिहून काढते.

पाचवं नको

धाकट्या शिवाच्या वेळी माझं रक्त थांबेना. अकरा दिवस दवाखान्यात काढले. घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना समोर बसवलं. मास्तर शाळेत शिकवतात. बाई म्हणाल्या, “मास्तर, चार झाली. पाचवं नको. पाचव्याला ह्या वाचतील याची हमी मी देणार नाही.”

मास्तर पुरुषांच्या ऑपरेशनच्या कॅम्पला गेले आणि तासाभरात परत आले.

“लई गर्दी होती,” म्हणाले.

“किती माणसं होती?”

“असतील सहा-सात.”

माणूस वाईट नाही, भ्याला होता. माझ्या ऑपरेशनला आत्याबाई तयार नव्हत्या. “टाके घातलेल्या बाईनं पानी कसं भरावं?” असं त्या म्हणाल्या. त्या साली पाणी म्हणजे दोन-दोन तास रांग आणि कमरेवर घागर, तेव्हा त्यांचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. राहिला लूप. त्यालाही त्या नाक मुरडून होत्या, पण त्यात टाके नव्हते.

बसवला तो दिवस

पाळीच्या चौथ्या दिवशी बोलावलं होतं. आत साळवेबाई नावाच्या नर्स होत्या. बोलायला फटकळ, हाताला हलक्या. “बाई, श्वास धरू नका, सोडा,” म्हणाल्या. मी मोजायला लागले. साठपर्यंत नुसतं अवघडल्यासारखं होतं. नव्वदला एक कळ आली, बाळंतपणाच्या कळेची धाकटी बहीण. एकशे चाळीसला साळवेबाई म्हणाल्या, “झालं.” एवढंच. भीती वाटून ज्या बायका आठ-आठ महिने टाळतात, त्यांना मी सांगते: एकशे चाळीस आकडे.

त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. दोन दिवस घागर उचलायची नाही. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. दर पाळीनंतर हात साबणाने धुऊन बोटाने लूपचा धागा जागेवर आहे का ते बघायचं. आणि पहिली पाळी झाली की दाखवायला यायचं.

मी चारही गोष्टींना मान डोलावली. पाळल्या दोनच.

दवाखाना आमच्या दारापासून दोन हजार एकशे चाळीस पावलं. जाताना मी कुठे थांबले नव्हते. येताना चार ठिकाणी बसले.

टेक

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसले तेव्हा ओटीपोटात पिळा पडत होता. पाचवी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ भिंतीला टेकली. टेकल्यावर बरं वाटलं. मग मनात आलं, हे चांगलं माप आहे. ‘थोडं दुखतं’, ‘फार दुखतं’ हे शब्द रोज वेगळ्या वजनाचे असतात, पण भिंतीला टेकायच्या आधी किती भाकरी झाल्या, यात खोटं बोलता येत नाही. चुलीजवळच्या भिंतीवर आडत दुकानातून मिळालेलं कॅलेंडर होतं. त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने ‘५’ लिहिलं.

मोजताना तोंडातून सवयीने शब्द निघत. “लाभ... दोन... तीन...”

“एकाला एक म्हनायला काय हुतंय?” आत्याबाई म्हणायच्या. “भाकर थापून राह्यली का जवारी इकून राह्यली?”

पाच, पाच, सहा, नऊ. गोळी जेवणावर घेतली, दुपारी वीट गरम करून फडक्यात गुंडाळून पोटावर धरली. तिसऱ्या आठवड्यात तेरा. मग पाळी आली, ती नेहमीपेक्षा जास्त आणि कळा घेऊन. ते चार दिवस मी आमच्या रीतीप्रमाणे बाजूला बसले. चुलीला हात लावायचा नाही, म्हणून भाकरी नाही, म्हणून आकडा नाही. चार चौकोन कोरे राहिले. भाकरी आत्याबाई आणि थोरली सुमन करायच्या.

सहाव्या आठवड्यात अठरा झाल्या. भिंतीला न टेकता सगळ्या. मी मास्तरांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी ते वहीसारखं तपासलं आणि म्हणाले, “पैकीच्या पैकी. आता दवाखान्यात जायची काय गरज?”

मलाही तसंच वाटलं. गेले नाही. धाग्याचं म्हणाल, तर खरं लिहिते: मला लाज वाटली. अख्ख्या जगाची मोजदाद करणारी बाई मी, पण जे मिनिटभरात बोटाने कळलं असतं ते बघितलं नाही.

लूपचा प्रवास

शेजारच्या गंगूबाईने मध्ये बातमी आणली. अंबडच्या एका बाईचा लूप पोटातून वर चढत चढत छातीत गेला.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“नाव कशाला पायजे? गेला म्हनजे गेला.”

आठवड्याने ती बाई शहागडची झाली. त्यानंतरच्या आठवड्यात पैठणची. मी गंगूबाईला म्हटलं, “तो लूप त्या बाईच्या अंगात जेवढा फिरला त्याच्यापेक्षा एसटीत जास्त फिरला बघ.” ती रागावली. पण जाता जाता म्हणाली, “तुझ्या भल्याचंच सांगून राह्यले. सुईनीला सांगून धागा वढून घे. दोन मिनिटाचं काम हाय.”

हसले खरी. पण ते ‘दोन मिनिटं’ डोक्यात राहिलं.

अठरावरून आठ

दहाव्या आठवड्यात आकडा उतरायला लागला. अठरा, पंधरा, अकरा. पुढच्या सोमवारी आठ. ताप नव्हता, पण कंबर भरून यायची आणि पोटात मधूनच बारीक कळ उठायची. गंगूबाईची अंबडची बाई मला दिसायला लागली. आकडा चढत असताना मी सुईणीला हसले होते. आकडा उतरल्यावर दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

दुसऱ्यांदा परत आले तेव्हा आत्याबाई दारात बसल्या होत्या.

“कुठं गेल्तीस?”

मी सांगितलं.

त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, “ज्यानं बशिवला त्यानंच काढावा. खिळा सुताराचा आन् पकड लोहाराची, असं चालतं का? उद्या दवाखान्यात चाल. मी येते बराबर.”

लूप नको म्हणणाऱ्या बाईने मला सुईणीकडून दवाखान्याकडे वळवलं, हे मी विसरणार नाही. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून गुंडाळून पिशवीत घातलं.

साळवेबाईंचा सवाल

साळवेबाईंनी कॅलेंडर टेबलावर पसरलं. मी माप समजावून सांगितलं. त्यांनी बोट फिरवत फिरवत आकडे बघितले आणि एका चौकोनावर थांबल्या.

“इथपर्यंत अठरा. इथून घसरगुंडी. ह्या दिवशी काय झालं? पडलात? घागर उचलली?”

“घागर रोजच उचलते. विशेष काही नाही.”

“आठवा.”

“काही नाही बाई. शनिवार होता. रेशन आलं होतं, तेवढंच.”

“रेशनला काय आलं होतं?”

“मिलो.”

साळवेबाईंनी डोक्याला हात लावला. “अहो बाई! लाल मिलो! ती परदेशी ज्वारी! तिच्या पिठाला चिकटपणा नाही, गरम पाण्यात मळा नाहीतर काही करा, थापता थापता भाकरी फाटते. माझ्या घरी मी पाचव्या भाकरीला भिंतीला टेकते, आणि मला लूप नाही!”

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. मिलोला मी रोज शिव्या घालत होते. एका भाकरीला दोन भाकरींचा वेळ लागत होता, तेवढा वेळ उकिडवं बसावं लागत होतं. पण ते कॅलेंडरावर कुठे लिहिलं नव्हतं. माझे वडील पायली बदलली तर आधी ओरडून सांगत. मी माल बदलला आणि जुन्याच मापाने मोजत राहिले.

“मग मी जाऊ?” मी विचारलं.

“आलात तशा तपासून जा,” साळवेबाई म्हणाल्या. “पहिल्या पाळीनंतर यायचं होतं. आता तीन महिने होत आले. एवढी पावलं मिलोने चालवली, ती फुकट कशाला घालवायची?”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. परत एकदा तपासलं. मग म्हणाल्या, “धागा लांब लागतोय. लूप खाली घसरलाय, अर्धा पिशवीच्या तोंडाशी आलाय. ह्याचा आता काही उपयोग नाही. तुम्हाला वाटतंय लूप आहे, पण नसल्यासारखाच.”

“केव्हापासून?”

“ते कसं सांगणार? धागा तपासत होता का?”

मी मान खाली घातली. त्या ओरडल्या नाहीत. बारीक कळा येत होत्या त्या त्याच्याच, असं म्हणाल्या. लूप तिथल्या तिथे काढला. दहा आकड्यांचं काम. मग हात धुऊन माझ्या समोर बसल्या.

“दुसरा आज बसवणार नाही. पाळी येऊ द्या. आधी खात्री पाहिजे, मधल्या दिवसांत काही राहिलं तर नाही ना.”

पाचवं नको हे त्याच बाईंचे शब्द होते.

निघताना त्यांचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, “असं दुखणं आजवर कोणी मला सांगितलं नव्हतं. पण हे चार चौकोन कोरे कशाला? इथे चार, पुढे परत चार.”

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, “त्या दिसाला ती बाहेर बसती, बाई. चुलीपाशी येत न्हाई.”

“म्हणजे पाळीचे दिवस. दुखतं तेच दिवस. रक्त जातं तेच दिवस. मला पाहिजेत तेच आकडे नाहीत.” त्या हसून म्हणाल्या, पण कॅलेंडर खाली ठेवलं नाही. “चोर आला त्याच चार रात्री पहारेकरी रजेवर!”

परतीच्या वाटेवर कॅलेंडर आत्याबाईंनी स्वतःच्या हातात धरलं.

तेरा दिवस

माझ्या हिशेबाने पाळीला अकरा दिवस होते. या अकरा दिवसांत मी भाकरी मोजल्या नाहीत. मोजायला दुसरंच होतं. नवव्या दिवशी मास्तर शाळेतून लवकर आले आणि चुलीपाशी बसले, जिथे ते कधी बसत नाहीत.

“अगं,” ते म्हणाले, “त्या दिवशी गर्दी नव्हती.”

“ठाऊक आहे.”

“मी भ्यालो होतो.”

“तेही ठाऊक आहे.”

“दुसरा लूपही घसरला तर मी जाईन. बिलकुल जाईन.”

मी त्यांना गरम भाकरी वाढली. अकरावा दिवस गेला, बारावा गेला. बाराव्या दिवशी मी शिवाला मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते, ते मोजलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी पाळी आली.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी देवापुढे हात जोडले, मडक्यातून गुळाचा खडा काढला आणि बाजूला बसलेल्या मला लांबूनच हातावर टाकला. मग गल्लीकडे निघाल्या. दुष्काळात गुळाचा खडा म्हणजे काय ते ज्यांनी तो काळ काढला त्यांना माहीत आहे.

“कशाचा गूळ, म्हातारे?” गंगूबाईचा आवाज आला. “नातू झाला का काय?”

“न्हाई झाला म्हनून वाटून राह्यले!” आत्याबाई म्हणाल्या. “खा गुपचूप!”

दुसरा लूप

चौथ्या दिवशी दुसरा बसवला. या वेळी एकशे पाच आकडे. या वेळी मी चारही गोष्टी पाळल्या. आधी दोन घास खाऊन गोळी घेतली. दोन दिवस घागर उचलली नाही. मास्तर बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी बायकांनी त्यांना सगळ्यांच्या पुढे ढकललं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मागे. घरी येऊन म्हणाले, “एका दिवसात माझी वट संपली.” मी धागा तपासायला शिकले. साळवेबाईंनी समोर बसून समजावलं तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही. कानातलं फूल जागेवर आहे का ते आपण बघतो, तसंच.

बायांनो, माझ्या दोन चुका तुम्ही करू नका. बरं वाटतंय म्हणून दाखवायचं टाळू नका. मला बरं वाटत होतं ना, त्याच सुमारास कधीतरी लूप घसरत असावा. आणि ताप आला, घाण वास आला, पाळी चुकली, धागा लांब लागला किंवा लागलाच नाही, रक्त थांबेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जा. सुईणीकडे नाही, गंगूबाईकडेही नाही. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं, कळा येतात. ते बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. पण कमी होतंय की वाढतंय हे समजायला काहीतरी माप ठेवा. भाकरीच पाहिजे असं नाही. पायऱ्या मोजा, बादल्या मोजा. फक्त मिलो आला तर लिहून ठेवा.

कोरा चौकोन

दुसऱ्या लूपनंतरची पहिली पाळी आली. मी कॅलेंडर भिंतीवरच ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात चांगलाच पिळा होता. आत्याबाई काठवट घेऊन मागच्या अंगणात आल्या. तीन दगड मांडले, जाळ केला, तवा ठेवला, मिलोचं पीठ माझ्यापुढे सरकवलं.

“थाप.”

“आत्याबाई, आज माझा दुसरा दिवस आहे.”

“मला दिस मोजता येत न्हाईत का? डाक्टरनीला आकडा पायजे. थाप.”

मी पीठ मळायला घेतलं. वारं सुटलं होतं. जाळ एकदा विझला, त्यांनी फुंकून पेटवला. परत विझला. तिसऱ्यांदा विझल्यावर त्या धुराने लाल झालेले डोळे पुसत उठल्या, काठवट उचलली आणि उंबरठ्यापाशी थांबल्या. आत देव्हारा, इकडे मी.

“वारं हाय,” शेवटी म्हणाल्या. “आत ये. देवाकडं पाठ करून बस.”

पंचवीस वर्षांपूर्वी मी या घरात आले. पाळीच्या दिवसांत मी या चुलीपाशी बसले ती ही पहिली वेळ. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि मोजायचंच विसरले. आत्याबाई शेजारी बसून होत्या. त्यांनीच म्हटलं, हळू, “लाभ.”

मग दोन. मग तीन.

तेराव्या भाकरीला मी टेकले. उरलेल्या पाच त्यांनी केल्या. हात धुऊन मी पेन्सिल शोधायला लागले, तोवर त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा घेतला होता. त्यांना लिहिता येत नाही. कॅलेंडरच्या त्या चौकोनात त्यांनी बारीक बारीक रेघा ओढल्या, तेरा.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. लूप जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर मागून घेतलं आणि त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“तेच,” मी म्हटलं. “पहारेकरी रजेवर गेला नाही.”

त्या रेघांवरून बोट फिरवत मोजायला लागल्या, “एक, दोन...”

“एक न्हाई, बाई,” आत्याबाई मागून म्हणाल्या. “लाभ म्हना.”